पासंग

अंबरनाथच्या विम्को नाक्याजवळ राहणारे आमचे मामा बिडी सोडून नऊ दिवस टिकले. दहाव्या दिवशी सकाळी त्यांनी कोपऱ्यावरून बंडल आणलं, एक शिलगावली, आणि थोड्या वेळाने संडासातून बाहेर येत मामीला म्हणाले, "बघितलंस? बिडी सोडली म्हणूनच पोट बसलं होतं." घरात कोणी काही बोलू शकलं नाही. प्रयोग तसा चोख होता. बिडी होती तोवर पोट साफ, बिडी गेली तसं पोट बसलं, बिडी परतली आणि मोकळं झालं. त्यावरून मामांनी ठरवलं की बिडी आपल्याला मानवते, आणि पुढे मरेपर्यंत ओढली.

मामांची नोकरी विम्कोच्या काडेपेटी कारखान्यातली. स्वीडिश कंपनीने १९२० च्या दशकात अंबरनाथला तो आणला. आता कारखाना नाही, नाक्याला नाव तेवढं उरलं. देशभरच्या चुली आणि बिड्या पेटवण्यात हयात घालवलेल्या माणसाने बिडी सोडायला निघावं हेच आम्हाला नवल होतं. पण त्यांचा तो प्रयोग मला वर्षानुवर्षं छळत राहिला. त्यात खोटं काहीच नव्हतं, तरी निकाल चुकला होता. चूक नेमकी कुठे, ते मी स्वतः सिगारेट सोडली तेव्हा कळलं.

जुन्या वाण्यांकडे दांडीचा तराजू असे. त्याचं एक पारडं जड निघालं की दुसऱ्या पारड्याला खडा, चिंचोका, नाहीतर शिशाचा तुकडा बांधत आणि दांडी सरळ करत. त्या तुकड्याला पासंग म्हणतात. तराजू गेले, शब्द आता "त्याच्या पासंगालाही पुरणार नाही" एवढ्यापुरता उरला आहे. मला तो इथे हवा आहे. रोज दहा-वीस वेळा एका पारड्यात धूर पडतो, तेव्हा शरीर गप्प बसत नाही. ते दुसऱ्या बाजूला आपला पासंग बांधत जातं. वर्षं जातात, दांडी सरळ दिसते, ओढणारा म्हणतो, मला काही होत नाही. मग एके दिवशी तो पारड्यातून सिगारेट उचलून घेतो. पासंग मात्र तिथेच असतो, आणि ते पारडं धाडकन खाली जातं. या आदळण्याला आपण सिगारेट सोडल्याचा त्रास म्हणतो. हा त्रास ओढण्याचाच, उघडा पडतो सोडल्यावर.

मामांचं पोट घ्या. निकोटिन आतड्याला चाळवतं. रोज पहाटे बाहेरून कोणी हाका मारून उठवत असेल तर माणूस स्वतःहून उठायची सवय सोडतो, तसं आतड्याचं होतं. हाक बंद झाली की काही दिवस ते पडून राहतं. दोन-चार आठवड्यांत बहुतेकांचं आपसूक रुळावर येतं. तोवर पाणी, पपई, रात्री इसबगोल आणि सकाळी पायी फेरी. मामा दहाव्या दिवशी थांबले. तराजू स्थिरावायच्या आत त्यांनी वजन परत ठेवलं आणि दांडी सरळ झाली म्हणून खूश झाले.

डोक्याचं तेच. मेंदूत निकोटिन टांगायच्या जणू खुंट्या असतात. रोज माल येऊ लागला की मेंदू खुंट्या वाढवतो. माल थांबला की त्या रिकाम्या खुंट्या माणसाला चैन पडू देत नाहीत. चिडचिड, कामात लक्ष न लागणं, झोप तुटणं, स्वप्नात सिगारेट ओढून दचकून जागं होणं, सगळं तिथलं. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट. मग उतार लागतो. वाढलेल्या खुंट्या पूर्ववत व्हायला मात्र साधारण दीड ते तीन महिने जातात. बदलापूर लोकलमध्ये चौथ्या सीटवरून भांडणं रोज होतात. सिगारेट सोडल्याच्या पहिल्या आठवड्यात ती मी सुरू करत होतो.

पण माझा खरा पासंग निघाला चहा, आणि तो मला कोणी सांगितला नव्हता.

बदलापूर स्टेशनाबाहेर गाडीआधी एक कटिंग आणि एक सिगारेट, मुंबईत उतरल्यावर दुसरी जोडी, मग दुपारभर ऑफिसखालच्या टपरीवर आणखी पाच. सिगारेट सुटली तेव्हा चहा राहिला. उलट हात रिकामे म्हणून एक-दोन ग्लास वाढलेच. पाचव्या-सहाव्या दिवसापासून छाती धडधडायला लागली, पेन धरला की बोटं थरथरत, रात्री दोन वाजता डोळे टक्क उघडे. मी समजलो, ही निकोटिनची तल्लफ. आता हे सहन होत नाही, एक ओढून टाकू, इथवर आलो होतो. म्हणजे मामांच्याच वाटेवर. आमच्या डॉक्टरांनी विचारलं, चहा किती घेता? मी आकडा सांगितला तशी त्यांनी मान हलवली.

प्रकार असा आहे. चहातलं कॅफिन मोडायचं काम यकृतातलं एक एन्झाइम करतं. तंबाखू जळताना निघणाऱ्या काजळीतली काही द्रव्यं या एन्झाइमला चेव आणतात, ते वाढतं, आणि ओढणाऱ्याच्या रक्तातून कॅफिन इतरांपेक्षा कितीतरी झपाट्याने निघून जातं. म्हणून त्याला चहा पुरत नाही, तो पुन्हा टपरीवर जातो. ओढणं थांबलं की काही दिवसांत एन्झाइम साध्या माणसासारखं चालू लागतं. चहा तेवढाच, पण रक्तात राहणारं कॅफिन जवळपास दुप्पट. मी आठ-नऊ कटिंग घेत होतो आणि शरीराला सोळा-सतरा पोचत होते. यातली गंमत अशी की निकोटिनचा च्युइंगम चघळून हा त्रास हटत नाही. च्युइंगम खुंट्यांची समजूत काढतो. यकृताला चेव आणला होता काजळीने, आणि च्युइंगममध्ये काजळी नसते. उपाय इतका साधा की सांगायला संकोच वाटतो: सोडल्याच्या दिवसापासून चहा निम्म्यावर आणा. मी तीन कटिंगवर आलो. चार रात्रींत झोप लागली.

याच धाग्यात एक गोष्ट थट्टेची नाही. तेच एन्झाइम काही औषधंही मोडतं: दम्यासाठीचं थिओफिलिन, मनोविकारांसाठीचं क्लोझापिन आणि ओलान्झापिन. ओढणाऱ्या माणसाला त्याचा डोस बसवलेला असतो तो धुरासकट. धूर गेला की तोच डोस जास्त होऊ शकतो.

तंबाखू मळणाऱ्यांनी, मिश्री लावणाऱ्यांनी चहाची ही काळजी करू नये, त्यांच्याकडे धूर नाही. पण खुंट्या आणि आतडं त्यांचंही तसंच. हे सांगायला हवं, कारण २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ शंभरात चारही भरले नव्हते, बिनधुराची तंबाखू घेणारे मात्र चोवीस होते.

बाकीचे पासंग लहान. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा अडवतो, म्हणून शरीर तांबड्या पेशी जास्त बनवून ठेवतं; वायू दिवस-दोन दिवसांत जातो, पेशी सावकाश कमी होतात. धुराने तोंडाची आतली त्वचा जाड झालेली असते. सोडल्यावर पहिल्या पंधरवड्यात बऱ्याच जणांना तोंड येतं आणि ते बिचारे "उष्णता बाहेर पडतेय" म्हणत गुलकंद खातात. गुलकंदाने बिघडत काही नाही. निकोटिन भूक मारतं आणि शरीराची भट्टी जरा जोरात ठेवतं. ते गेलं की वर्षभरात वजन सरासरी चार-पाच किलो चढतं. माझं सहा चढलं. वडापावला दोष देता येईल, पण तो आधीही होताच.

खोकल्यापाशी मात्र ही उपमा लंगडी पडते. श्वासनळीत बारीक केसांचं अस्तर असतं, ते सतत हलून धूळ आणि कफ वर ढकलतं. धूर त्या केसांना लुळं पाडतो. सोडल्यावर ते पुन्हा हलू लागतात आणि वर्षांचा साचलेला गाळ वर यायला लागतो. माणूस म्हणतो, ओढत होतो तेव्हा एवढा खोकला नव्हता. बरोबर आहे, संपावर गेलेले झाडूवाले कामावर परतले की पहिला आठवडा गल्लीत धूळच उडते. याला पासंग म्हणता येणार नाही. हा नुसता कामाचा आवाज आहे.

नाकही त्याच सुमाराला परततं. मला वाटलं होतं, पहिला वास मोगऱ्याचा येईल, निदान मामीच्या फोडणीचा. पहिला वास आला वालधुनीचा. अंबरनाथच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी १०६० सालच्या शिवमंदिराजवळून वाहते आणि उल्हासनगरला पोचेपर्यंत कारखान्यांचं आणि जीन्स धुण्याचं पाणी पोटात घेऊन काळीनिळी झालेली असते. २०१४ साली तिच्यात ओतलेल्या रसायनाने उल्हासनगरातल्या शेकडो लोकांचा श्वास कोंडला होता. वीस वर्षं मी त्या नदीजवळून रोज गेलो आणि मला वाटायचं, लोक उगाच नाकाला रुमाल लावतात. अकराव्या दिवशी उल्हासनगर स्टेशनात मीही लावला.

पासंग ओळखायची खूण एकच: तो दिवसागणिक हलका होतो. जे हलकं होत नाही ते दुसरं काही. थुंकीत रक्त, छातीत दुखणं, महिना उलटूनही न हटणारा खोकला, खोल खोल जाणारी उदासी, यांना सिगारेट सोडल्याचा त्रास म्हणून घरी बसू नका.

आणि दोन कामं आधीच करून ठेवा. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा नंबर १८००-११-२३५६ आहे, फोनला पैसे पडत नाहीत. तो पाकिटात लिहून ठेवा, कारण नवव्या दिवशी शोधायची ताकद नसते. कुठलंही औषध रोज चालू असेल तर डॉक्टरांना फक्त "सोडतोय" म्हणू नका, शेवटची कधी ओढली ती तारीख सांगा.