सत्यप्रत

एन्नोरच्या वास्तव्यात जुन्या मनगटी घड्याळांचे काही शौकीन आमच्या पाहण्यात आले. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एच. एम. टी.ने १९६१ साली बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. २०१६ साली एच. एम. टी. वॉचेस कंपनी बंद करण्याचे ठरले, आणि चावीच्या ‘जनता’ घड्याळाचा संग्राहकांत मान वाढला. मग एकाचे यंत्र, दुसऱ्याची डबी आणि नव्याने रंगविलेली तबकडी जुळवून ‘जुनी’ घड्याळे सिद्ध होऊ लागली. अक्षरांच्या जाड रेषांवरून जाणकार ती ओळखतात.

यास असत्य म्हणावे काय? कचेरीत आम्ही रोज नकला हाताळतो. ‘सत्यप्रत’ असा शिक्का असलेली नक्कल प्रामाणिक ठरते. तीच मूळ म्हणून पुढे करणे हा अपराध. तेव्हा दोष कारागिरीत नाही, विकणाऱ्याच्या मौनात आहे.

परंतु एवढ्याने भागत नाही. तोंडी सांगितलेले सत्य पहिल्या गिऱ्हाइकापाशीच थांबते. घड्याळ मात्र हातोहात पुढे जाते. कागदावरचा शिक्का कागदाबरोबर फिरतो, तशी जुळणी करणाऱ्याने मागील झाकणाच्या आत आपली खूण व साल कोरावे. प्रामाणिकपणा वस्तूसोबत गेला, तरच तो पुरता झाला असे आम्ही समजतो.