वाटाड्या आणि आप्त

दिवाळीसाठी गावी निघालेल्या मोटारीत हल्ली एक प्रवासी जास्त असतो. तो काचेपाशी चिकटवलेला असतो. त्याला फराळाचे काही लागत नाही, आणि सारा वेळ तोच बोलत असला तरी त्याच्याशी मात्र कुणी बोलत नाही. 'दोनशे मीटरनंतर डावीकडे वळा,' असे तो म्हणतो आणि घरचा कर्ता पुरुष, जो एरवी पत्नीचे तर सोडाच, पण सख्ख्या वडिलांचेही चटकन ऐकायचा नाही, तो निमूटपणे डावीकडे वळतो. मागच्या बाकावरचे आजोबा 'अरे, उतरून कुणाला तरी विचार की,' असे दोनदा सुचवून पाहतात. तिसऱ्यांदा सुचवीत नाहीत.

मला लिहायचे आहे ते या निमूटपणाविषयी. यंत्राने माणसाला आळशी केले ही तक्रार पिठाच्या गिरणीइतकी जुनी आहे, आणि ती करणारेही गिरणीतलेच पीठ खात आले आहेत. माझा प्रश्न निराळा आहे. एखाद्याने सांगितलेल्या वाटेने आपण जातो तेव्हा आपण त्याच्या हाती नेमके काय सोपवितो? आणि ज्याच्या हाती ते सोपविले, तो ते घ्यायला पात्र आहे की नाही हे कशावरून ठरवायचे?

आधी हे पाहिले पाहिजे की मोबाईलमधला वाटाड्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच आवाजात सांगत असतो. पहिली, तुम्ही कुठे आहात ती. ही विद्या खरोखर थक्क करणारी आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपल्या घड्याळातली वेळ आणि आपली जागा अखंड सांगत असतात. निदान चार उपग्रहांचे निरोप किती उशिराने पोहोचले हे ताडून तुमच्या हातातला फोन आपले ठिकाण काढतो. ती घड्याळे वर जाऊन, आइन्स्टाइनने सांगितल्याप्रमाणे, पृथ्वीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावू पाहतात. तेवढा फरक कुणी दुरुस्त केला नसता, तर एका दिवसात दहा किलोमीटरची चूक साचली असती आणि शनिवारवाड्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला आपण भलत्याच ठिकाणी आहोत असे कळले असते. अमेरिकेच्या सैन्यासाठी उभारलेली ही योजना. नागरिकांना मिळणारे संकेत त्यात मुद्दाम अंधुक ठेवलेले असत. २ मे २००० रोजी तो अंधुकपणा काढून टाकण्यात आला आणि तेव्हापासून ही विद्या सर्वांच्या खिशात येऊ शकली. जाता जाता एवढेही सांगायला हवे की हे उपग्रह आपल्याला पाहत नाहीत. आपण आहोत हेच त्यांना ठाऊक नसते. देवळावरच्या घंटेला जसे ऐकणाऱ्यांची नावे ठाऊक नसतात तसे.

दुसरी गोष्ट, कुठून जावे ती. ही आकाशातून येत नाही. ती जमिनीवरच्या एखाद्या कंपनीच्या नकाशातून येते. कुणी तरी कधी तरी नोंदविलेले रस्ते, वरून टिपलेली छायाचित्रे, आणि तुमच्यापुढे गेलेल्या हजारो अनोळखी माणसांच्या खिशातले फोन किती वेगाने सरकले याचा हिशेब, असा तो सारा माल असतो. २०२० साली सिमॉन वेकर्ट नावाच्या कलावंताने बर्लिनमध्ये एका हातगाडीत ९९ फोन भरले आणि मोकळ्या रस्त्यावरून ती गाडी सावकाश ओढीत नेली. नकाशावर तो रिकामा रस्ता वाहनांची कोंडी झाल्याप्रमाणे लालभडक दिसू लागला. म्हणजे पहिल्या गोष्टीच्या पाठीशी शास्त्र आहे, तर दुसरी पुष्कळशी ऐकीव आहे, फार मोठ्या प्रमाणावर आणि फार हुशारीने ऐकलेली. परंतु आवाज एकच असल्यामुळे पहिलीची पुण्याई दुसरीला फुकट मिळते. ज्याने आपल्याला अचूक ओळखले, त्याला पुढचा पूलही ठाऊक असणारच, असे मन परस्पर ठरवून टाकते.

आपल्या न्यायशास्त्राने या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला आहे. दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारे ज्ञान केव्हा खरे मानावे? तर सांगणारा आप्त असेल तेव्हा. आणि आप्त कोण? सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा भाष्यकार वात्स्यायन तीन खुणा देतो. त्याने ती गोष्ट स्वतः साक्षात जाणलेली असावी, त्याला प्राणिमात्रांविषयी दया असावी, आणि जसे आहे तसेच सांगण्याची त्याला इच्छा असावी. शिवाय ही लक्षणे ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखीच लागू आहेत असेही तो सांगतो. वाट सांगणाऱ्याचे कुळ पाहू नये, त्याचे ज्ञान आणि नियत पाहावी, हे किती मोकळ्या मनाचे बोलणे आहे! म्लेच्छाला जर आप्त होता येते, तर यंत्राला केवळ ते यंत्र आहे म्हणून दारातून परत पाठविता येणार नाही. त्याचीही परीक्षा घेतली पाहिजे.

आता कोपऱ्यावरचा पानवाला घ्या. ज्ञानाच्या परीक्षेत तो कित्येकदा सपशेल नापास होईल. 'हे काय, पाच मिनिटांवर' असे त्याने सांगितलेले ठिकाण दीड तासाने येते. ठाऊक नसले तरी 'ठाऊक नाही' म्हणणे त्याला आतिथ्याच्या विरुद्ध वाटते. परंतु सांगण्यापूर्वी तो गाडीत डोकावून पाहतो. मागे म्हातारी माणसे आहेत, मांडीवर मूल आहे, गाडी बुटकी आहे, हे सारे त्याच्या नजरेत भरते. मग तो म्हणतो, 'जवळचा रस्ता हाच आहे दादा, पण ह्या गाडीनं अन् ह्या वेळेला नका जाऊ. ओढ्याला पाणी असेल.' या एका वाक्यात वात्स्यायनाच्या तिन्ही खुणा सापडतात. मोबाईलला ओढा ठाऊक असेल, नसेल. मांडीवरचे मूल मात्र त्याला ठाऊक नाही.

अ‍ॅनेट बायर या तत्त्वचिंतक बाईंनी १९८६ साली विश्वासावर लिहिताना कांटच्या शेजाऱ्यांचा दाखला दिला आहे. कांटचा दिनक्रम इतका नियमित होता की शेजारी त्याच्यावरून आपला दिनक्रम बेतीत. एखाद्या दिवशी कांट उशिरापर्यंत झोपला असता तर शेजाऱ्यांची पंचाईत झाली असती, पण कांटने आपला विश्वासघात केला असे काही त्यांना म्हणता आले नसते. हा भेद मराठीला आधीपासूनच ठाऊक आहे. आपण माणसावर विश्वास ठेवतो आणि घड्याळावर, बैलावर, पावसावर भिस्त ठेवतो. विश्वासाचा घात होऊ शकतो म्हणून विश्वासघात हा शब्द आहे. भिस्तघात असा शब्द कुणी केला नाही, कारण भिस्त चुकली तर नुकसान होते, परंतु समोर लाजेने मान खाली घालणारे कुणी नसते.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतुळजवळ धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलाच्या वाटेने रात्री एक मोटार गेली आणि तिचा चालक बुडाला. २४ नोव्हेंबर २०२४ रोजी उत्तर प्रदेशात बरेलीजवळ तिघे जण मोटारीसह रामगंगेच्या पात्रात कोसळून मरण पावले. त्या पुलाचा पुढचा भाग पुराने आधीच वाहून गेलेला होता आणि नकाशावर पूल तसाच होता. पोलिसांनी तक्रारीत बांधकाम खात्याच्या अभियंत्यांबरोबर नकाशा पुरविणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्यालाही गोवले. अशा बातम्या वाचून 'त्यांना डोळे नव्हते का?' असे म्हणणारे घरोघरी निघतात. मला हे बोलणे कठोर वाटते, आणि उथळही. रात्रीच्या अंधारात पुलावर चढणारा माणूस पुलाला पलीकडचे टोक आहे असे गृहीत धरतोच. तसे धरले नाही तर जगात कुणाला कुठेच जाता येणार नाही. बांधलेला पूल हेसुद्धा एक दिलेले वचनच असते, आणि ते मोडले तर तसे सांगणे हे ज्याने दिले त्याचे काम असते. त्या तिघांनी डोळे मिटले नव्हते. पुलाच्या तोंडाशी त्यांना थोपविणारे पुरेसे काही कुणी उभे केले नव्हते, एवढेच.

मग आजोबांचेच खरे, खाली उतरून विचारावे, असा निकाल द्यावासा वाटेल. तो मला देता येत नाही. वाट विचारणे हे आपण आज समजतो तितके निरागस कधीच नव्हते. गावात शिरणाऱ्याने 'अमक्याचे घर कुठे?' असे विचारले की उत्तराआधी उलट प्रश्न येत. 'आपण कुठले? आडनाव काय? कुणापैकी?' ज्यांना या प्रश्नांची उत्तरे आनंदाने देता येत, त्यांना तो पाहुणचार वाटे. ज्याला वाट विचारण्यासाठी आधी जात सांगावी लागे, आणि ती सांगितल्यावर विहिरीपासून दूरची वाट दाखविली जाई, त्याला काय वाटत असेल? रात्री एकटीने गाडी चालवीत परक्या शहरात शिरणारी तरुण मुलगी कोपऱ्यावरच्या घोळक्यापाशी काच खाली करायला का कचरते, हे तिच्या आईला विचारा. या माणसांना आडनाव न विचारता डावे-उजवे सांगणारा आवाज हा उपकारच आहे. त्या आवाजाला दया नाही हे खरे, पण तुच्छताही नाही. (आपण कुठे गेलो, किती वेळ थांबलो याची टिपणे तो ठेवतो ती गोष्ट वेगळी. तिचा हिशेब वेगळा मांडावा लागेल.) जुन्या काळाबद्दल उसासे टाकताना हा जमाखर्च आपण पुरता मांडीत नाही.

छांदोग्य उपनिषदात एक गोष्ट आहे. गांधार देशातल्या एका माणसाला डोळे बांधून आणतात आणि निर्जन रानात सोडून देतात. तो चारी दिशांना तोंड करून ओरडत राहतो. कुणी एक जण त्याची पट्टी सोडतो आणि गांधार या दिशेला आहे, या दिशेने जा, एवढेच सांगतो. पुढे तो शहाणा माणूस गावोगाव विचारीत आपल्या घरी पोहोचतो. उपनिषदाला गुरूचे महत्त्व सांगायचे आहे, परंतु माझे लक्ष नेहमी त्या मधल्या गावांकडे जाते. पट्टी सोडणाऱ्याने त्याला वळणे सांगितली नाहीत. ती त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिली आणि गावकऱ्यांना विचारून पडताळली, आणि एका गावाची चूक दुसऱ्या गावाने दुरुस्त केली असेल. आपल्या वाटाड्याने दिशा सांगून न थांबता सगळीच वळणे सांगायला घेतली आणि मधली गावे नाहीशी झाली. एका गावाने चुकीचे सांगितले तर ते दुरुस्त करायला पुढचे गाव आता नाही.

पण गावे खरोखर नाहीशी कुठे झाली आहेत? पावसाळ्यात मोरी खचली की तिथला एखादा माणूस बाभळीची फांदी तोडून रस्त्यावर आडवी टाकतो, पुढे चार धोंडे मांडून त्यांना चुना फासतो. रात्री कोण येणार आहे हे त्याला ठाऊक नसते. येणाऱ्यालाही फांदी कुणी टाकली ते कळायचे नाही. वात्स्यायनाने मागितलेले सारे त्या फांदीत आहे. त्या माणसाने खड्डा डोळ्यांनी पाहिला आहे, जसा आहे तसा तो सांगितला आहे, आणि ज्याचे तोंडही पाहिले नाही त्याच्यासाठी काटे हाताला लावून घेतले आहेत. ही फांदी टाकण्याची सोय नकाशातही असते. रस्ता बंद आहे, पूल पडला आहे, असे कळविण्याची जागा त्यात ठेवलेली असते. त्याला लागणारा वेळ बाभूळ तोडण्यापेक्षा खचितच कमी असेल, आणि काटेही टोचत नाहीत. आपल्या गावच्या खचलेल्या मोरीची खबर त्या नकाशाला आजवर कुणी दिली आहे का, हे भाऊबीजेच्या पंगतीत जमलेल्या मंडळींना एकदा विचारून पाहावे.