न कापता कळणे

एका माहितीपत्रकाचा अनुवाद करताना ‘नॉन-इन्व्हेजिव्ह’ या शब्दापाशी मी दोन दिवस अडले. ‘अनाक्रमक’ला युद्धाचा वास येतो, ‘छेदरहित’ला भूमितीचा. शेवटी ‘न कापता’ असे लिहिले. मग वेगळीच शंका आली: कापत नाही म्हणजे शिरत नाही, असे कशावरून?

मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग पसरू लागला की बहुधा आधी जवळच्या लसिकाग्रंथीत जातो. त्या पहिल्या ग्रंथीला डॉक्टर ‘सेंटिनेल’ म्हणतात, म्हणजे पहारेकरी. रोग पसरला का हे पाहायला पहारेकऱ्यालाच काढून तपासतात, आणि बहुतेकदा तो निरोगी निघतो. जर्मनीतल्या एसेनच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये दुसरी वाट दाखवली. कातडीवरून लेझरचे स्पंद सोडायचे. ग्रंथीत मेलॅनिन असेल तर ते प्रकाश शोषते, किंचित तापून प्रसरण पावते, आणि त्यातून उठलेला ध्वनी यंत्र टिपते. (प्रकाशातून आवाज उमटतो हे ग्रॅहम बेलने १८८० मध्येच ओळखले होते.) त्यांच्या अभ्यासात यंत्राने निर्दोष ठरवलेली एकही ग्रंथी रोगट निघाली नाही. संशयित ठरवलेल्या अनेक ग्रंथी मात्र निरोगीच होत्या. म्हणजे यंत्राच्या ‘नाही’वर विसंबता येते, ‘हो’वर नाही.

आपल्याकडे हा रोग विरळा, आणि होतो तेव्हा पुष्कळदा तळपायाला. माझ्या मावशीला तिथेच झाला. घरच्यांनी तिला ‘साधी गाठ’ असे सांगितले. संमतिपत्रावर सही मामाची. पण जांघेतली ग्रंथी काढावी लागली. चार दिवसांनी तिथले टाके चाचपत ती म्हणाली, “गाठ पायाला, मग इथं कशाला गं कापलं?” कुणाकडेच उत्तर नव्हते. त्या संध्याकाळी मामाने सगळे सांगितले.

प्रकाशाने तपासले असते तर तिने विचारलेच नसते. सुरीने तिची संमती घेतली नव्हती, पण निदान पुरावा मागे ठेवला होता. तरी पुढे महिनाभर सुजणारा तिचा पाय आठवतो, तेव्हा मला यंत्रच हवेसे वाटते. या दोन्ही गोष्टी मला एकमेकींत बसवता येत नाहीत.

मूळ पत्रकात वाक्य आहे: ‘रुग्णाला कोणताही त्रास होत नाही.’ मी ‘जखम होत नाही’ असे केले. अनुवाद मुळाशी इमानी नाही, असा शेरा मारून संपादकांनी तो परत पाठवला आहे. मी अजून बदललेला नाही.