दुसरा बाण

संयुक्त निकायातल्या सल्ल सुत्तात बुद्धांनी दुःखाची फोड केली आहे. बाण लागला की शरीराला वेदना होते. ती ज्ञान्यालाही चुकत नाही आणि अज्ञान्यालाही. पण अज्ञानी माणूस त्या वेदनेपायी आक्रोश करतो, छाती पिटतो, आणि त्याला दुसराही बाण लागतो. हा दुसरा बाहेरून आलेला नसतो. हा भेद मनाच्या शिस्तीपुरताच खरा आहे, की इजा आणि इजेला दिलेले उत्तर ही दोन निरनिराळी दुःखे आहेत असे निसर्गातही दाखवता येते? माझ्या मते येते, आणि त्याचा पुरावा माकडांच्या रक्तात मिळतो.

पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगबी जातीच्या माकडांत एसआयव्ही हा विषाणू पिढ्यान्‌पिढ्या नांदतो. एचआयव्हीचा हा जवळचा भाऊबंद. रक्तातले त्याचे प्रमाण भरपूर असते, तरीही ही माकडे सहसा एड्सने मरत नाहीत. आशियातल्या ऱ्हीसस माकडाला तोच विषाणू टोचला, तर साधारण तितक्याच विषाणूभाराने त्याची सीडी४ टी-पेशींची, म्हणजे प्रतिकारक पेशींची, फौज हळूहळू संपते आणि एड्स होतो. मँगबीच्या टी-पेशी विषाणूवर अधिक जोरकस हल्ला चढवत असतील, हा पहिला तर्क. पण मोजमापात तसे दिसले नाही. खरा फरक 2009 साली प्रसिद्ध झालेल्या जनुक-अभ्यासांत स्पष्ट झाला. संसर्ग होताच दोन्ही जातींत इंटरफेरॉन या विषाणूविरोधी संकेत-प्रथिनाच्या हुकमाने चालणारी शेकडो जनुके जोमाने कामाला लागतात. आफ्रिकी माकडांत ती काही आठवड्यांत शांत होतात, विषाणू तिथेच असूनही. ऱ्हीससमध्ये ती पेटलेलीच राहतात, टी-पेशी सतत उत्तेजित होऊन मरत राहतात, आतड्याचे अस्तर झिजते, तिथले जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात आणि दाह आणखी भडकतो. हा नुसता योगायोग नसावा, असे मानायला आधार आहे: आफ्रिकन ग्रीन माकडांना जिवाणूंचे विष मुद्दाम टोचून ही उत्तेजना निर्माण केली, तेव्हा त्यांच्यातही विषाणू वाढला आणि सीडी४ पेशी घटल्या. तेव्हा ऱ्हीससला मारणाऱ्या गोष्टींत त्याच्या स्वतःच्या प्रत्युत्तराचा वाटा मोठा आहे.

मग प्रतिकारच करू नये का? इथे घाईने अहिंसेचा जयघोष करणाऱ्यांनी थांबावे. 2014 साली ऱ्हीसस माकडांत इंटरफेरॉनचा मार्ग संसर्गाच्या सुरुवातीलाच औषधाने रोखून पाहिला गेला. विषाणूचे साठे वाढले आणि माकडे एड्सकडे अधिक वेगाने गेली. त्याच संशोधनात उलट प्रयोगही झाला. बाहेरून दिलेल्या इंटरफेरॉनने आधी संसर्ग थोपवला, पण ते देतच राहिल्यावर शरीर त्याला दाद देईनासे झाले आणि नुकसानच झाले. तसेच ऱ्हीससमधल्या विषाणूग्रस्त पेशींना मारणाऱ्या सीडी८ टी-पेशी काढून टाकल्या की विषाणू उसळतो. म्हणजे मँगबीचे वेगळेपण न लढण्यात नाही, लढून थांबण्यात आहे. सुत्तातला ज्ञानीही बधिर नसतोच. त्याला पहिला बाण पुरता जाणवतो.

अधिक गंभीर आक्षेप असा की पेशींना मन नाही, तृष्णा नाही; त्यांच्या थांबण्याला संयम म्हणणे ही कविता झाली. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि शब्द वापरताना तो पाळायला हवा. मँगबीने काही साधलेले नाही. तिच्या सीडी४ पेशींवर विषाणूला आत घेणारे सीसीआर५ हे दार मुळातच कमी असते, आणि अशी ठेवण न लाभलेले तिचे पूर्वज बहुधा फार मोठ्या संख्येने मेले असतील. निवडीच्या त्या कत्तलीला साधना म्हणता येणार नाही. पण माझा दावा पुण्याचा नाही, दुःखाच्या रचनेचा आहे. इजा आणि प्रत्युत्तर वेगळे करता येतात, एक तसेच राहून दुसरे शमू शकते, एवढे जरी शरीरात सिद्ध झाले, तरी सुत्तातला भेद निव्वळ सांत्वनासाठी रचलेला आहे हे म्हणणे टिकत नाही. माणसाने तो मनात कसा आणावा, हे मात्र कोणतेही माकड सांगू शकत नाही.

आणि सहन करणे निरपराध असते, हेही यातून निघत नाही. मँगबी सुखाने विषाणू बाळगत राहिली, तिच्यातूनच तो माणसांत आला आणि एचआयव्ही-2 झाला. एकाच्या शांतीची किंमत शेजाऱ्याने मोजली. उपेक्षा, म्हणजे समचित्तता, आणि करुणा यांना बौद्ध परंपरा एकत्र का ठेवते, याचे एक कारण मला इथे दिसते: एकटी उपेक्षा दुसऱ्याच्या दुःखाला पाठ दाखवू शकते.

राहिला प्रश्न, हे ज्ञान कोणत्या मार्गाने मिळाले याचा. ऱ्हीससला हा विषाणू निसर्गाने दिलेला नाही. तो अमेरिकेतल्या बंदिस्त वसाहतींमध्ये मँगबींकडून त्याच्यात शिरला आणि पुढे प्रयोगांसाठी हेतुपुरस्सर टोचला गेला. पुरावा त्यामुळे खोटा ठरत नाही, पण दुःखनिवारणाच्या नावाखाली तो निष्पापही ठरत नाही. यातून माणसांचे प्राण वाचतात हे उत्तर खरे असले, तरी ते त्या माकडाला दिलेले उत्तर नाही. मोरारजी देसाईंच्या सरकारने 1978 साली भारतातून होणारी ऱ्हीसस माकडांची निर्यात बंद केली. आजही अमेरिकेतल्या एड्स-संशोधनात सर्वाधिक पसंती असते ती त्याआधी नेलेल्या भारतीय माकडांच्या वंशजांनाच.