दुःख किती, हे कोणी ठरवावे?



ल्युपस हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ लांडगा. आपलीच रोगप्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटली की हा आजार होतो. त्याचा एक प्रकार मुख्यतः त्वचेवर दिसतो. गाल, नाक, कान, डोके येथे चट्टे उठतात आणि उन्हाने ते वाढतात. काहींच्या बाबतीत चट्टा बरा झाला तरी व्रण कायम राहतो आणि त्या जागी केस पुन्हा येत नाहीत. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो. तो संसर्गजन्य नाही. स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने तो कोणालाही होत नाही.

नुसत्या त्वचेच्या ल्युपसने सहसा जीव जात नाही. म्हणून "एवढं काय त्यात?" असे आपण पटकन बोलून जातो. येथेच एक नैतिक प्रश्न उभा राहतो. दुसऱ्याचे दुःख किती, हे कोणी ठरवावे? पाहणाऱ्याने की भोगणाऱ्याने?

वैद्यकशास्त्रालाही हा प्रश्न पडला. १९९४ साली कार्डिफ येथील फिनले आणि खान या डॉक्टरांनी त्वचारोग्यांसाठी १० प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. गेल्या आठवड्यात खाज किती होती? लाज वाटली का? कपडे निवडताना, घरकामात, नोकरीत, जवळच्या माणसांत अडचण आली का? उत्तरांना ० ते ३० गुण मिळतात. पुढे २००५ साली खास त्वचेच्या ल्युपससाठी डॉक्टरांनी वापरायची मोजपट्टी आली. तिच्यात आजाराचा जोर आणि मागे राहिलेले व्रण वेगवेगळे मोजतात. डॉक्टरांचा आकडा आणि रुग्णाचा आकडा नेहमीच जुळत नाहीत. चट्टा लहान असला तरी चेहऱ्यावर असेल तर त्याचा भार मोठा होतो.

कोणी म्हणेल, दुःखाला कसले आले गुण? हे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. वरील प्रश्नावलीत "मला लागू नाही" असेही उत्तर देता येते आणि त्याला शून्य गुण मिळतात. आता समजा, लोक बघतात म्हणून एखाद्या बाईने लग्नकार्याला जाणेच सोडले. तिने "लागू नाही" अशी खूण केली, तर कागदावर तिचे दुःख शून्य ठरते! तरीही विचारणे सोडता येत नाही. विचारलेच नाही, तर डॉक्टर फक्त त्वचा पाहतील, माणूस पाहणार नाहीत. म्हणजे आकडा हवाच, पण आकड्यानंतर तिच्याजवळ बसून ऐकणारे कोणी तरी हवे.

मार्कच्या शुभवर्तमानात यरीहोच्या वाटेवर बसलेला आंधळा बार्तीमय आठवा. त्याला काय हवे, हे सर्वांना दिसत होते. तरीही प्रभू येशूने आधी त्यालाच विचारले. दुखणे ज्याचे, पहिला शब्दही त्याचाच.

आणि त्या गुणांपैकी काही आपल्या हातात आहेत. खाज कमी करणे डॉक्टरांचे काम, पण लाज कमी करणे आपले. मिरवणुकीत छत्री धरून चालणारीकडे वळून बघू नका. चारचौघांत "चेहऱ्याला काय झालं गं?" असे विचारू नका, घरगुती औषधे सुचवू नका. मांडवात सावलीतली खुर्ची तिच्यासाठी राखा. आणि एकांतात, घाई नसताना, "तुला कसं वाटतं?" असे विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा.