पंचाची मूठ आणि पंचाची शंका

बेसबॉलच्या पंचाला जे शिक्षण दिले जाते त्यात नियमांच्या बरोबरीने हातांच्या खुणांना महत्त्व असते. धावणारा खेळाडू सुरक्षित असेल तर दोन्ही हात आडवे पसरावयाचे, तळवे जमिनीकडे. बाद असेल तर उजव्या हाताची मूठ वळून ती उचलावयाची. दूर बसलेल्या प्रेक्षकालाही निर्णय कळावा, हा हेतू. (बहिरा खेळाडू विल्यम हॉय याच्यासाठी या खुणा निघाल्या अशी एक गोड आख्यायिका आहे, पण अभ्यासकांचे तिच्यावर एकमत नाही.) येथवर वादाला जागा नाही. परंतु याच शिक्षणातील आणखी एक सूचना विचारी मनाला टोचते: प्रसंग जितका निकराचा, तितकी खूण अधिक जोरकस हवी. उघडउघड बाद झालेल्यास साधी मूठ पुरते. केसाइतक्या अंतराचा प्रश्न असला की हात जोराने फिरला पाहिजे, आवाजही चढला पाहिजे. म्हणजे जेथे संशय सर्वांत अधिक, तेथेच निश्चयाचे प्रदर्शन सर्वांत मोठे! हे सत्याला धरून आहे काय?

मला वाटते, हा आक्षेप खुणेचा अर्थच चुकीचा लावतो. पंचाची मूठ ‘मला खात्री आहे’ असे म्हणत नाही; ‘निर्णय झाला’ एवढेच म्हणते. खेळाडूंना पंचाच्या अंतःकरणाशी कर्तव्य नसते; पुढे धावावे की थांबावे, हे त्यांना त्याच क्षणी कळावयास हवे. अर्धवट उचललेला हात पाहून एक धावतो, दुसरा थबकतो, आणि चुकीच्या निर्णयाहून वाईट असा गोंधळ माजतो. शंकेला स्थान आहे, पण ते खुणेच्या आधी. पहिल्या बेसपाशी उभा असलेला पंच डोळ्यांनी पाय आणि बेस पाहतो, आणि चेंडू हातमोज्यात आदळल्याचा आवाज कानांनी टिपतो. तेवढ्यावरही हात उचलावयाचा नाही. चेंडू मोज्यात खरोखर टिकला की निसटला, हे पाहण्यापुरते थांबावयाचे. पंचाचे सारे प्रामाणिकपण मला या थांबण्यात दिसते. घाईने उचललेली मूठ हीच खोटी, मग ती कितीही ठाम असो.

खुणांची योजनाही वाटते तितकी भोळी नाही. चेंडू रेषेच्या आत पडला तर पंच मैदानाकडे बोट दाखवितो आणि तोंडातून अक्षर काढीत नाही. बाहेर पडला तर हात वर करून ‘फाऊल’ असे ओरडतो. गर्दीच्या कोलाहलात ‘फेअर’ आणि ‘फाऊल’ या शब्दांची गल्लत सहज व्हावी, म्हणून एकाने मौन पाळावयाचे. शिवाय ‘फाऊल’ ऐकताच सारे खेळाडू थांबतात, आणि थांबलेला खेळ मागे नेऊन पुन्हा धावविता येत नाही. आपल्या परिचयाच्या क्रिकेटमध्ये दिलेली खूण मागे घेण्याचीही एक खूण आहे: विरुद्ध हातांनी दोन्ही खांद्यांना स्पर्श करणे. ‘फाऊल’ला असा उतारा नाही.

आता खरी कसोटी. 2 जून 2010 रोजी डेट्रॉइट येथे गोलंदाज आर्मांडो गालारागा याने ओळीने सव्वीस फलंदाज बाद केले होते. सत्ताविसावाही बाद झाला की परिपूर्ण सामन्याचा दुर्मिळ मान त्याचा. पहिल्या बेसवरील अनुभवी पंच जिम जॉइस यांनी दोन्ही हात स्वच्छ पसरले: सुरक्षित. खूण निर्दोष होती, निर्णय चुकीचा होता. अशा निर्णयाची चित्रफितीवरून फेरतपासणी करण्याची सोय 2014 साली आली. त्या दिवशी ती नव्हती. सामना संपल्यावर जॉइस यांनी चित्रफीत पाहिली आणि आपली चूक उघडपणे कबूल केली.

त्यांच्या ठामपणामुळे अपराध वाढला असे कोणी म्हणेल. मी उलट म्हणेन. हात संदिग्ध हलला असता तर चुकीला पळवाट मिळाली असती; पसरलेल्या हातांनी ती पुरतेपणी त्यांच्या पदरात घातली, म्हणूनच त्यांना ती नि:संकोच आपली म्हणता आली. दुसऱ्या दिवशी जॉइस मुख्य बेसमागे उभे होते. संघाचे पत्रक घेऊन गालारागा स्वतः त्यांच्यापाशी आला. जॉइस यांनी डोळे पुसले आणि सामना सुरू झाला. आदल्या दिवसाचा निर्णय मात्र बदलण्यात आला नाही. नोंदीत तो आजही एका बेसचा फटका म्हणूनच आहे.