रडून झाल्यावर

पोलंडमधल्या ऑशविट्झ छळछावणीत, चौथ्या क्रमांकाच्या इमारतीत, काचेमागे माणसांचे केस ठेवलेले आहेत. जवळपास दोन टनांचा तो ढीग आता राखाडी पडला आहे, पण त्यातल्या वेण्या अजून वेण्या म्हणून ओळखू येतात. या दालनात फोटो काढायला मनाई आहे. पलीकडच्या इमारतीत चष्मे, कृत्रिम पाय, स्वयंपाकाची भांडी आणि जोड्यांच्या राशी आहेत. १९४० ते १९४५ या काळात या छावणीत सुमारे ११ लाख माणसे मारली गेली. त्यांतली सुमारे १० लाख ज्यू होती. १९४७ साली पोलंडच्या संसदेने ही जागा जपण्याचा कायदा केला आणि २०१९ या एका वर्षात २३ लाखांहून अधिक लोक ती पाहून गेले. तिथे जाऊन आलेल्यांना विचारले, तर उत्तर बहुधा एकच येते: बोलवेना, डोळे भरून आले. त्यात खोटे काही नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. त्या भरून आलेल्या डोळ्यांची नैतिक किंमत किती? माझे उत्तर अनेकांना रुक्ष वाटेल. मारल्या गेलेल्यांसाठी रडू येणे हे माणूसपणाचे लक्षण आहे, पण तेवढ्याने आपण शहाणे होत नाही आणि चांगलेही होत नाही. या स्थळांवरून जी भावना घेऊन परतायला हवे, ती मारणाऱ्यांकडे पाहताना येते. ती बेचैनीची असते आणि तिच्यात रडू येत नाही.

दुसऱ्याचे दुःख पाहताना आपल्या मनाचे नेमके काय होते, याची चर्चा मराठी साहित्यविचारात जुनी आहे. करुण नाटक पाहायला माणसे पदरचे पैसे मोडून का जातात आणि रडून आल्यावर त्यांना बरे का वाटते, या कोड्याला न. चिं. केळकरांनी १९२१च्या बडोदे साहित्य संमेलनात ‘सविकल्प समाधी’चे उत्तर दिले होते. प्रेक्षक पात्राशी एकरूप होतो, पण स्वतःला पुरता विसरत नाही. दुसऱ्याच्या जिवात शिरल्याचा अनुभव आणि आपल्या जागी आपण असल्याची जाणीव, दोन्ही त्याला एकदम मिळतात. रंगभूमीवर यात काही बिघडत नाही. हरिश्चंद्राच्या नाटकात मेलेला तारामतीचा मुलगा रोहिदास पडदा पडल्यावर उठून चहा प्यायला जातो. स्मृतिस्थळावरचे मूल खरोखरच मेलेले असते, पण पाहणाऱ्याचे मन मात्र नाट्यगृहातलीच वाट धरू शकते. कधीकधी संग्रहालयेच त्या वाटेने नेतात. वॉशिंग्टनला १९९३ साली उघडलेल्या होलोकॉस्ट संग्रहालयात त्या काळातल्या एका खऱ्या व्यक्तीचे ओळखपत्र पाहुण्याच्या हाती देतात. तिचे नशीब आपले समजून तो पुढे सरकतो. हेतू चांगला आहे. पण दोन-तीन तास बळी होऊन हिंडलेला माणूस बाहेर पडताना बहुधा स्वतःबद्दलचीच एक चांगली बातमी घेऊन निघतो: माझे मन अजून मेलेले नाही. रूथ क्लूगर स्वतः ऑशविट्झमधून वाचलेल्या. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्यांनी छावण्यांच्या संग्रहालयांबद्दल हीच शंका घेतली. भावुकतेत पाहणाऱ्याची नजर समोरच्या गोष्टीवरून हटते आणि स्वतःच्या भावना न्याहाळण्यात रमते, असा त्यांचा आक्षेप होता.

ऑशविट्झमधल्या सुटकेसींचेच उदाहरण घेऊ. त्यांच्यावर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत नावे लिहिलेली आहेत; कुठे जन्मतारीख, कुठे गाव, कुठे पत्ता. ज्याने नाव लिहिले त्याला आपली बॅग परत मिळेल अशी आशा होती, हे ध्यानात येताच गळा दाटतो. इथपर्यंत आपण मालकाच्या बाजूने पाहत असतो. आता तीच बॅग दुसऱ्या बाजूने पाहावी. बॅगेवर नाव लिहा, असे सांगायचे कोणाला तरी सुचले होते. सामान परत मिळणार असे वाटले की माणसे आरडाओरडा करत नाहीत, रांग मोडत नाहीत, हे त्याला पक्के ठाऊक होते. गॅसच्या खोलीआधी कपडे उतरवायच्या खोलीत खुंट्यांना क्रमांक होते आणि आपापला क्रमांक लक्षात ठेवा असे बजावले जाई, त्यामागेही हीच अक्कल. राउल हिलबर्ग या इतिहासकाराने रेल्वेचे कागद तपासून दाखवून दिले, की ज्यूंना छावण्यांकडे नेण्याचे भाडे जर्मन रेल्वे रीतसर आकारत होती. तिसऱ्या वर्गाचा दर, किलोमीटरला ४ फेनिग. १० वर्षांखालच्या मुलांना अर्धे तिकीट, ४ वर्षांखालच्यांना माफ. ४०० माणसे भरली तर घाऊक सवलत. नेल्या जाणाऱ्यांचे भाडे एकेरी, पहारेकऱ्यांचे जाऊन-येऊन. हे वाचून कोणाला रडू येत नाही, पण अंगावर काटा येतो. अर्ध्या तिकिटाचा हिशेब मांडणारा कारकून राक्षस वाटत नाही, ओळखीचा वाटतो. त्याने कोणावर हात उगारला नाही. छावणी त्याने कधी पाहिलीही नसेल. त्याने दरपत्रक काढले, बेरीज पडताळली आणि कागद पुढच्या टेबलावर पाठवला.

म्हणूनच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते स्मृतिस्थळ म्हणजे बर्लिनच्या कडेला, वान्झे तळ्याकाठी असलेले एक देखणे घर. तिथे केसांचे ढीग नाहीत, जोड्यांच्या राशी नाहीत, भट्ट्यांची धुराडी नाहीत. २० जानेवारी १९४२ रोजी राइनहार्ड हायड्रिख या बड्या नाझी अधिकाऱ्याने तिथे वेगवेगळ्या खात्यांच्या अधिकाऱ्यांची बैठक घेतली. हजर असलेल्या १५ जणांपैकी ८ जणांनी डॉक्टरेट मिळवलेली होती. निमंत्रणात बैठकीनंतरच्या न्याहारीचाही उल्लेख होता. पूर्वेकडे लाखो ज्यूंना गोळ्या घालून झाल्या होत्या, त्यामुळे मारायचे की नाही हा बैठकीचा विषयच नव्हता. कोणत्या खात्याने काय करायचे आणि अर्धा ज्यू कोणाला म्हणायचे, हा विषय होता. त्याच्या हाताखालच्या आडोल्फ आइखमनने तयार केलेल्या इतिवृत्तात देशवार तक्ता आहे. त्याची बेरीज १ कोटी १० लाखांवर जाते आणि अल्बानियासमोरचे २००सुद्धा त्यातून सुटलेले नाहीत. हे सगळे सुमारे दीड तासात आटोपले. इतिवृत्ताच्या ३० प्रतींपैकी सोळावी तेवढी वाचली आणि १९४७ साली सापडली, म्हणून आपल्याला हे ठाऊक आहे. ऑशविट्झमधून वाचलेले इतिहासकार योझेफ वुल्फ १९६०च्या दशकात या घरात अभ्यासकेंद्र व्हावे म्हणून झगडले. त्यांना यश आले नाही. ते घर शाळकरी मुलांच्या सहलींचे वसतिगृहच राहिले. १९७४ साली वुल्फ यांनी आत्महत्या केली. स्मृतिस्थळ उघडले ते १९९२ साली, बैठकीला ५० वर्षे झाल्यावर. एर्फुर्टला छावण्यांच्या भट्ट्या बनवणाऱ्या ‘टोफ आणि पुत्र’ या कंपनीच्या कचेरीत स्मृतिस्थळ व्हायला तर २०११ साल उजाडले. बळींसाठी दगड उभारायला समाज त्या मानाने लवकर तयार होतो. जिथे टेबल-खुर्च्या होत्या ती जागा दाखवायची म्हटली की तो कां-कूं करतो.

यावर पहिला आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येईल. शोक करायला आलेल्या माणसाला रेल्वेचे दरपत्रक वाचायला लावणे, हा शोकाचा अपमान नाही का? ज्यांचे आजी-आजोबा तिथे मारले गेले त्यांच्यापुरते हे मान्यच आहे. त्यांच्या शोकाला कसलाही हेतू जोडण्याची गरज नाही. पण ज्यू धर्मपरंपरा स्वतः शोकाकडे कशी पाहते, तेही पाहावे. मृतासाठी म्हणतात ती कद्दिश ही प्रार्थना मृत्यूचा उल्लेखही करत नाही. ती ईश्वराच्या नावाची थोरवी गाते. ती एकट्याने म्हणता येत नाही. परंपरेनुसार दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात, आणि कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंची रीतही तीच. आज तुला किती वाईट वाटते आहे, असे ही प्रार्थना कोणाला विचारत नाही. ठरलेल्या काळात, ठरलेल्या जागी, चारचौघांत उभे राहा, एवढे ती सांगते. आठवण तिथे मनाच्या लहरीवर सोडलेली नाही, ती कर्तव्याच्या खात्यात आहे. जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने मारल्या गेलेल्या सुमारे ६० लाख ज्यूंपैकी जवळपास ५० लाखांची नावे गोळा केली, तीसुद्धा नातलगांकडून साक्षीचे फॉर्म भरून घेत आणि जुन्या याद्या पडताळत. खुन्यांनी ज्या चिकाटीने कागद रंगवले, ती चिकाटी इथे उलट्या कामाला लागली. परक्या पाहुण्याने गिरवायचा कित्ता तो हा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गुन्हेगाराच्या खुर्चीत बसून पाहायला शिकवले, की खुनी आणि बळी यांच्यातले अंतर पुसट होते. ‘आपण सगळेच आतून तसे’ अशी सोयीची उदारता येते. ऑशविट्झमधून वाचलेले इटालियन रसायनतज्ज्ञ प्रिमो लेव्ही यांनी १९८६ सालच्या ‘द ड्राउन्ड अँड द सेव्ह्ड’ या पुस्तकात ही उदारता ठामपणे नाकारली. माणसाच्या मनाच्या तळाशी काय दडले आहे हा प्रश्न वेगळा आणि प्रत्यक्षात कोणी कोणाला मारले हा प्रश्न वेगळा, याबाबत त्यांनी तडजोड केली नाही. ते मला पूर्ण पटते. पण त्याच पुस्तकात त्यांनी छावणीतल्या अधिकाराच्या लहान-लहान पायऱ्या आणि त्या चढताना माणसांनी काय काय सोडले, हेही उकलून दाखवले. निवाडा आणि समज, दोन्ही त्यांनी हातात धरून ठेवले. कारकून ओळखीचा ठरला म्हणून त्याचा दोष कमी होत नाही, उलट वाढतो. राक्षसाला विचारता येत नाही तो जाब त्याला विचारता येतो: तुला नाही म्हणता येत होते, मग का नाही म्हणालास? त्याला राक्षस ठरवून मोकळे होणे, हीच त्याला दिलेली खरी माफी आहे.

तिसरा आक्षेप सरळ आहे: इतके करून साधले काय? १९७९ साली ऑशविट्झ युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, तरी १९९४ साली रवांडात नरसंहार घडला आणि १९९५ साली बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात. खरे आहे. कोणतेही स्मृतिस्थळ पुढच्या खुन्याचा हात धरू शकत नाही. ते फार तर पाहणाऱ्याला काही खुणा ओळखायला शिकवते आणि रडून मोकळा झालेला माणूस नेमक्या त्याच खुणा चुकवतो. आपल्याकडे कडक हेडमास्तरला सहज ‘हिटलर’ म्हणतात. हिटलरच्या ‘माइन काम्फ’चे मराठी भाषांतर पुस्तकांच्या दुकानात सहज मिळते. २००६ साली नवी मुंबईत हिटलरच्या नावाने एक रेस्टॉरंट निघाले आणि ज्यू समाजाने विरोध केल्यावर त्याचे नाव बदलावे लागले. यात दुष्टावा कमी, अजाणपणा जास्त. युरोपच्या सहलीत अर्धा दिवस ऑशविट्झ पाहून डोळे पुसत आलेल्याचाही तो अजाणपणा जाईलच असे नाही, कारण त्याने बळी पाहिले, कारभार पाहिला नाही. ‘वरून ऑर्डर आहे’, ‘माझे काम फक्त यादी करायचे’, ‘पुढचे पुढच्या टेबलावर’ ही वाक्ये मराठी कचेऱ्यांनाही परकी नाहीत. तेव्हा ऑशविट्झला जरूर जा, रडू आले तर रडा. जमले तर वान्झेच्या घरीही जा, जिथे रडू येणार नाही. आणि एखाद्या समाजाची वेगळी यादी करण्याचा कागद कधी आपल्या टेबलावर आला, तर सही करण्याआधी ती यादी कशासाठी हवी आहे, हे विचारा. त्या स्थळांकडून जिवंत माणसांनी शिकायचे ते एवढेच आहे, आणि रडण्यापेक्षा ते पुष्कळ अवघड आहे.